वरच्या सहा ओळी

४ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले आणि मुख्याध्यापक पान्तेलेइ सरांनी माझ्या गळ्यात नवा विषय अडकवला. माध्यम-शिक्षण. आठवीचा वर्ग, सोमवारचा शेवटचा तास. टीव्हीवर, फोनवर, जाहिरातीत जे काही येतं ते डोळे झाकून न मानता पारखायचं कसं, हे मुलांना शिकवायचं. मी एकतीस वर्षं व्याकरण आणि कविता शिकवतेय. मला काय कळतं यातलं?

"सर, मला फोनवर धड टाइप करता येत नाही. चष्मा शोधेपर्यंत स्क्रीन विझते."

"तुमचे सतरा तास भरतात, ओलिम्पियाबाई. अठरावा कुठून आणू? कवायत देऊ?"

घेतलं मग.

मुलं यंदा एकशे चार आहेत. सर दर सप्टेंबरला स्वतः वर्गावर्गांतून फिरून मोजतात. आकडा नव्वदच्या खाली गेला की शाळा बंद आणि मुलं बसने शहरातल्या शाळेत, हे आमच्या लोझेनी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

११ सप्टेंबर, सोमवार

फजिती झाली, आणि ती इथे लिहून ठेवलेली बरी.

पुस्तकात होतं, एखादं थक्क करणारं छायाचित्र दाखवून सुरुवात करा. मी पूर आलेल्या रस्त्यावर पोहणाऱ्या माशाचं चित्र दाखवलं. रारेश बाकावरूनच ओरडला, "बाई, हा मासा दर पुरात असतो. दहा वर्षं झाली, दमला असेल बिचारा!" सगळा वर्ग हसला. मला तो मासा खरा वाटला होता, हे मी सांगितलं नाही.

इलिंकाने हात वर केला. ही मुलगी आजीबरोबर राहते, आईबाप इटलीत कामाला. वर्षभरात चार वाक्यं बोलते. म्हणाली, "पण बाई, ज्याला आधीचा पूर माहीत नाही त्याने ओळखायचं कसं?"

म्हटलं, पुढच्या सोमवारी सांगते. मलाच माहीत नव्हतं.

१८ सप्टेंबर, सोमवार

आजचा तास जमला! आनंद झाला म्हणून लिहितेय.

घरून माझ्या लग्नाचा फोटो नेला होता. मुलांना सांगितलं, नीट बघा आणि काय दिसतं ते लिहा. झगा दिसला, नवरा दिसला, माझी जाडी दिसली. मग इलिंका म्हणाली, "बाई, तुमच्या खांद्यावर एक हात आहे. त्या हाताला माणूस नाही."

बरोबर. आमचे लग्नातले धर्मपिता, लग्नाला साक्षी उभे राहिलेले गृहस्थ. पुढे आईचं त्यांच्याशी द्राक्षमळ्याच्या बांधावरून भांडण झालं आणि तिने कात्री घेऊन त्यांना फोटोतून उडवलं. हात तेवढा राहिला. हे सांगितल्यावर वर्ग असा काही खिदळला की शेजारच्या वर्गातून भिंतीवर थापा पडल्या.

मग आम्ही चार प्रश्न काढले. काढले म्हणजे मुलांनीच काढले, मी फळ्यावर लिहिले. हे कोण सांगतंय? कधीचं आहे? यातून काय कापलंय? हे मला काय करायला लावतंय?

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरा कापला मेल्याला. हातही कापायला हवा होता."

२९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून संताप होतोय. तरी लिहिते.

मधल्या सुट्टीत रोदिकाचा निरोप आला. आमच्या शाळेतून शहरात बदलून गेलेली रोदिका. तिने एका सरकारी कागदाचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "हे तुमचंच ना?" बंद होणाऱ्या शाळांची यादी. चष्मा वर्गात राहिला होता. अक्षरं मुंगीएवढी. तरी ते नाव मला लगेच दिसलं. लोझेनी शाळा.

 मग डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. पान्तेलेइ सर गेले दोन आठवडे गालावर हात ठेवून बसतात, कुणाशी बोलत नाहीत, दर गुरुवारी कारण न सांगता शहरात जातात. त्यांना माहीत होतं तर! मी सरळ त्यांच्या खोलीत गेले.

"सर, शाळा बंद होतेय हे आम्हाला कधी सांगणार होतात?"

त्यांनी डोळे मिटले, जबडा आवळला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मला काही माहीत नाही. नंतर बोलू."

ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस असा डोळे मिटतो का?

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. घरी आले. चष्मा अजून वर्गातच होता, तरी फोटोतला वरचा-खालचा फापटपसारा काढून टाकला, आईलाही वाचता यावं म्हणून नाव चांगलं मोठं केलं, आणि नावाखाली बोटाने लाल रेघ मारली. (हे मला रारेशनेच शिकवलंय.) मग आठवीच्या पालकांच्या गटावर टाकलं आणि खाली लिहिलं: "लोकहो, आपलं नाव यादीत आहे. झोपून राहू नका!" इटलीत बोलोन्याला राहणाऱ्या माझ्या लेकीला, स्तेलुत्सालाही पाठवलं. तिचं उत्तर आलं: "आई, नक्की ना?" लेकीला आईचा इतकाही भरवसा नसावा.

आता जरा बरं वाटतंय. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

३० सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून फोन थांबत नाहीये. दुपारपर्यंत यादी चर्चच्या गटात, दुकानाच्या गटात, द्राक्षं तोडणाऱ्या बायकांच्या गटात. गाव जागं झालं. आई खूश आहे. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझ्या ओलिम्पियाने उघड केलं."

२ ऑक्टोबर, सोमवार

बेकरीवाली नादेज्दा आपली तिन्ही मुलं काढून शहरातल्या शाळेत घालून आली. मी रस्त्यातच तिला गाठलं.

"अगं, जरा थांबायचं तरी. आपण विरोध करणार आहोत ना!"

"विरोध तुम्ही करा, बाई. उद्या शाळा बंद झाली की शंभर पोरं त्या दारात उभी राहतील. तेव्हा माझ्या पोरांना बाक कोण देणार? तुम्हीच सांगितलंत ना, झोपून राहू नका म्हणून? मी उठले."

 एकशे एक राहिले. माध्यम-शिक्षणाचा तास घेतला नाही. चित्त नव्हतं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आणखी चार गेली. सत्त्याण्णव.

पान्तेलेइ सरांनी शिक्षण कार्यालयाला फोन लावला, सगळ्या शिक्षकांसमोर. पलीकडची बाई म्हणाली की अशी यादी निघालेलीच नाही. सरांनी आमच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ते असंच म्हणणार." सगळ्यांनी माना डोलावल्या.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आमच्याकडचा शिक्षकदिन. दरवर्षी टेबल शेवंतीने भरून जातं. आज निम्मं रिकामं. चौऱ्याण्णव मुलं.

तिसरीच्या वर्गात एका बाकावर एकटाच बसलेला मुलगा जोडीदाराच्या जागेवर दप्तर ठेवून बसला होता. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "म्हणजे तिथे कुणीतरी आहे असं वाटतं."

पान्तेलेइ सर आजही शहरात गेले होते. संध्याकाळी परतताना पाहिलं, तोंडाला रुमाल धरलेला. एका अर्थी वाईट वाटलं. पण रडायचं होतं तर आधी बोलायचं होतं.

आज पहिल्यांदा एक विचार आला आणि तो आवडला नाही. यादी खरी असो नसो, मुलं याच वेगाने गेली तर ती आपोआप खरी होईल. वीस तारखेला कार्यालयाकडे पटसंख्या जाते. तोवर नव्वदच्या वर राहिलो तर तरलो.

९ ऑक्टोबर, सोमवार

ब्याण्णव. आठवीत अकरातले नऊ.

मी आज साबणाच्या जाहिरातीचा धडा काढला होता. इलिंका उभी राहिली. हात वर न करता, थेट उभी. "बाई, आपण यादी घेऊ या."

"कुठली यादी?"

"आपल्या शाळेची. चार प्रश्न लावून बघू."

मला ते नको होतं, खरं सांगते. जखमेत बोट कशाला? पण मुलं आधीच रारेशच्या फोनभोवती गोळा झाली होती. मी म्हटलं, बघा.

पहिला प्रश्न: कोण सांगतंय? कागदावर कार्यालयाचं नाव नाही. दुसरा: कधीचं आहे? तारीख नाही. मग रारेश ओरडला, "बाई! हे सातपासून सुरू होतंय!"

खरंच. ओळींना क्रमांक होते आणि सगळ्यात वरचा क्रमांक होता सात. एक ते सहा गायब. मथळा गायब. तिसरा प्रश्न मी विचारायच्या आत तिघेचौघे एकदम म्हणाले, "कापलंय!"

नऊ दिवस हा कागद अख्ख्या गावाने पाहिला. मीही पन्नासदा पाहिला असेल. वरचा सात मला एकदाही दिसला नाही.

मुलांनी स्वतःच काम वाटून घेतलं. प्रत्येकाने आपल्या घरात विचारायचं, यादी कुणाकडून आली, आणि मग त्या माणसाला, तुला कुणाकडून. मागे मागे जायचं, न कापलेला कागद मिळेपर्यंत.

मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्या कापणाऱ्याचा इतका संताप आला की घरी येऊन ताटली फोडली. कोण असेल? ज्याने कुणी समजून-उमजून सहा ओळी कापून गावाच्या गळ्याला फास लावला, त्याला झोप कशी लागते?

आई म्हणाली, "ताटली चांगली होती."

१० ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टी झाल्यावरही आठवीची मुलं वर्गात होती. फळ्यावर नावं आणि बाण. चर्चच्या गटात दुकानदाराकडून, दुकानदाराला बहिणीकडून, बहिणीला रारेशच्या आईकडून. झाडासारखं दिसत होतं, फांद्या सगळीकडे. मी आत गेले तशी रारेशने पटकन फडकं मारलं आणि फळ्याचा खालचा भाग पुसला.

"काय रे, कुठवर आलं?"

"चाललंय, बाई." माझ्याकडे बघेना. हा पोरगा आणि गप्प!

इलिंका दारापर्यंत माझ्यामागे आली. काहीतरी बोलायचं होतं तिला. मग म्हणाली, "काही नाही, उद्या," आणि निघून गेली. चेहरा पांढराफटक. आजीची तब्येत बरी नसावी. उद्या विचारायला हवं.

११ ऑक्टोबर, बुधवार

लिहिते. सगळं लिहिते.

इलिंका दुपारी घरी आली. आईने तिला अक्रोड दिले. तिने ते हातात नुसते धरून ठेवले.

"आजी बरी आहे ना?" मी विचारलं.

"बरी आहे. बाई, आम्ही सगळ्यांना विचारलं. सगळे बाण आठवीच्या पालकांच्या गटापाशी येतात. त्याच्या मागे जात नाहीत."

"म्हणजे आपल्याच गटातल्या कुणीतरी—"

"२९ तारखेला, तीन वाजून चाळीस मिनिटांनी," ती म्हणाली. मग अगदी हळू, "लाल रेघेसकट."

 आई खिडकीतून वळून बघत होती. मी चष्मा लावला. फोनमध्ये रोदिकाचा निरोप शोधला. तिने पाठवलेला मूळ कागद, जो त्या दिवशी चष्म्याशिवाय पाहिला आणि पुन्हा कधी उघडलाच नाही. मी बघत होते ती नेहमी माझी स्वतःची, मोठी केलेली प्रत.

वर, अगदी वर, ठसठशीत मथळा. तारीख तीन वर्षांपूर्वीची. आणि जिल्हा आमचा नाही. पार दक्षिणेतला. तिथेही एक लोझेनी आहे.

खाली रोदिकाचे शब्द: हे तुमचंच ना? तिने विचारलं होतं. मी त्याचं उत्तर करून गावाला वाटलं.

"हो की," आई खिडकीतून म्हणाली. "दक्षिणेत दुसरी लोझेनी आहेच. तुझ्या बापाचं सैन्यातलं पत्र एकदा तिकडे गेलं होतं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर सांगत होतीस."

इलिंका उठली. मी तिला विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? म्हणाली, "रारेशला. कालच कळलं आम्हाला. त्याला म्हटलं, थांब. बाई स्वतः सांगतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

 "मग आम्ही सांगू," ती म्हणाली. "शाळा बंद झाली तर आईबाबा मला इटलीला नेणार आहेत. आजी येणार नाही म्हणते. ती एकटी राहील."

तरी या मुलीने मला एक दिवस दिला होता.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी शाळा उघडायच्या आत पान्तेलेइ सरांच्या खोलीत गेले. दोन्ही कागद छापून नेले होते, कापलेला आणि न कापलेला. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. म्हटलं, "वरच्या सहा ओळी मी कापल्या. मुद्दाम नाही. पण मीच."

त्यांनी बराच वेळ वाचलं. मग खुर्चीत मागे रेलले आणि चक्क हसले. कधी नव्हे तो माणूस हसला.

"म्हणजे यादी खोटी."

"यादी खरी. आपली नाही."

"ओलिम्पियाबाई, मला आठ दिवस वाटत होतं की कार्यालयातले लोक मला फसवतायत. रोज फोन करतोय त्यांना. बिचारी बाई शेवटी रडकुंडीला आली." ते पुन्हा हसले आणि गाल धरला. "हसवू नका हो. टाके आहेत."

"कसले टाके?"

"दाढेचे. गेले चार गुरुवार खेटे घालतोय शहरात. गेल्या आठवड्यात उपटली एकदाची. तुम्ही त्या दिवशी आलात ना विचारायला, तेव्हा नस ठणकत होती. बोलता येत नव्हतं."

मी राजीनामा पुढे केला. रात्री लिहून ठेवला होता. त्यांनी तो न वाचता परत दिला. "मुलं परत आणा. पटसंख्या आज एक्याण्णव. आणखी एका घरातली दोन सोमवारी जाणार, कागद तयार आहेत त्यांचे. म्हणजे एकोणनव्वद. गटावर लिहून टाका खरं काय ते."

"सर, कार्यालयाने खरं सांगितलं तेव्हा आपण काय म्हणालो? ते असंच म्हणणार. माझं कोण ऐकेल फोनवर? तोंडासमोर सांगायला हवं."

शनिवारी पोक्रोवचा सण. आमच्या चर्चचा उत्सव. सगळं गाव अंगणात असतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आई आणि मी सणासाठी सार्माले करत, कोबीच्या पानांत भात-मांसाचं सारण गुंडाळत बसलो होतो. आई म्हणाली, "यादी जुनी निघाली एवढं सांग. कुणी कापली ते कशाला? कुणी पाहिलंय? लोक विसरतात."

मीही सकाळपासून तेच घोळवत होते. इथे खोटं लिहून काय उपयोग? "एका जुन्या कागदामुळे गैरसमज झाला." झाला! वाक्य कसं गुळगुळीत आहे. कुणी केला ते त्यात नाहीच. एकतीस वर्षं व्याकरण शिकवतेय, कर्ता लपवायला मला कुणी शिकवायला नको.

पण तेही कापणंच झालं असतं. आणि अंगणात इलिंका उभी असणार.

दुपारी मुलांनी दक्षिणेतल्या लोझेनीत फोन लावून बघितला. तिथल्या वाचनालयाचा नंबर सापडला. अगाफिया नावाच्या बाई होत्या, पूर्वी त्याच शाळेत शिकवायच्या. उद्या अकराला फोन करा म्हणाल्या.

१४ ऑक्टोबर, शनिवार, पोक्रोव

प्रार्थना संपली. बायका प्लाचिंतांची, सारण भरलेल्या पोळ्यांची, ताटं घेऊन टेबलांकडे निघाल्या होत्या. पान्तेलेइ सरांनी घंटेजवळ उभं राहून हाक दिली, की दोन मिनिटं ऐका. मी पायरीवर चढले. आठवीची नऊ मुलं माझ्या दोन बाजूंना. हातात चादरीएवढे दोन कागद, रारेशने शहरातून छापून आणलेले.

मी भाषण तयार केलं होतं. ते विसरले. म्हटलं, "शाळा बंद होणार नाही. ती यादी तीन वर्षांपूर्वीची आहे आणि दुसऱ्या लोझेनीची आहे. वर तसं लिहिलं होतं. ते मी कापलं. चष्मा नव्हता, आणि राग होता. मी वाचलं नाही, विचारलं नाही, तुम्हाला मात्र उठवलं. चूक माझी आहे."

 मग नादेज्दा पुढे आली, हातात प्लाचिंतांचं ताट तसंच.

"वा, बाई! म्हणजे माझी पोरं पहाटे सहाला अंधारात बस पकडतात ती तुमच्या चष्म्यापायी?"

"हो."

"आणि आज तुम्ही म्हणता ते खरं कशावरून? तेव्हाही तुम्हीच सांगत होतात!"

लोकांतून हसू आलं, कडवट.  आणि ती बरोबर विचारत होती! हाच प्रश्न पंधरा दिवसांपूर्वी कुणी विचारला असता तर?

"बाईंवर विश्वास ठेवूच नका," रारेश म्हणाला.  "कागदावर ठेवा. या ना पुढे, नादेज्दामावशी. वाचा. इथे जिल्हा, इथे तारीख. आणि तरी शंका असेल तर आम्ही फोन लावलाय."

इलिंकाने फोन चर्चच्या ध्वनिवर्धकाला लावला. पाद्रीबाबांनी परवानगी दिली होती. पलीकडून थकलेला, स्वच्छ आवाज आला.

"मी अगाफिया. लोझेनीतून बोलतेय. आमची शाळा तीन वर्षांपूर्वी बंद झाली. ती यादी आमची."

 एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

नादेज्दाने फोनजवळ येऊन विचारलं, "बाई, यादी आली म्हणून बंद झाली का?"

"नाही हो. यादी नंतर आली. आधी कुणीतरी म्हणालं की बंद होणार आहे. मग एका घराने मुलं काढली, मग दुसऱ्याने. प्रत्येकाला वाटलं आपण शहाणे, वेळेवर सुटलो. मीही माझ्या नातवाला काढलं. मी तर शिक्षिका होते तिथे." मग तिने विचारलं, "तुमच्याकडे अजून किती आहेत?"

"एक्याण्णव," पान्तेलेइ सर म्हणाले.

"मग तुम्ही फोनवर कशाला वेळ घालवताय?"

कुणीतरी हसलं. हे हसू वेगळं होतं. नादेज्दा कागदापाशी गेली, नाक लावून वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग माझ्या हातात ताट कोंबलं. "धरा. पनीरच्या आहेत. तुमच्यावर रागच आहे माझा, पण गार होतील."

मी पायरीवरच बसले आणि तिथेच तीन प्लाचिंता खाल्ल्या. आई शेजारी येऊन बसली. म्हणाली, "सगळं सांगितलंस. बापासारखीच आहेस, मूर्ख." आणि माझ्या मांडीवरचे कण झटकले.

१६ ऑक्टोबर, सोमवार

साडेसातपासून फाटकात उभी होते. पान्तेलेइ सरही आले, गळपट्टा गालावरून बांधून. दोघेही दुसऱ्याच कामाला आल्यासारखे उभे.

पहिली आली ती जाणार होती तीच दोन, सोमवारची. एक्याण्णव कायम. मग बराच वेळ नेहमीचीच मुलं. आठला दहा कमी असताना कोपऱ्यावरून नादेज्दा दिसली, तिघांना गुरांसारखी हाकत.

"शहरात पोटच दुखायचं यांचं रोज," ती म्हणाली. "इथे कुठे दुखतंय? बघा, पळतायत कशी!"

चौऱ्याण्णव. घंटा होईपर्यंत अठ्ठ्याण्णव. पान्तेलेइ सर मोठ्याने मोजत होते, वेडेवाकडे, टाक्यांमुळे. प्रत्येक आकडा ऐकताना माझ्या छातीवरून एकेक पोतं उतरत होतं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

एकशे एक. तिसरीतला तो मुलगा आज दप्तर खाली ठेवून बसला होता. जोडीदाराशी भांडत होता.

दुपारी घरी येऊन नुसती पाठ टेकली ती अडीच तास झोपले. उठले तेव्हा आई चुलीवर मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळत होती आणि क्षणभर मला आठवेचना की मला कसली काळजी होती.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पटसंख्या गेली. एकशे तीन. एका मुलाचं कुटुंब खरोखरच शहरात राहायला गेलं, त्यांचं काम तिथे लागलं. ते आमच्यामुळे नव्हे. मी खात्री करून घेतली. विचारलं त्यांना.

कार्यालयातली ती बाई पान्तेलेइ सरांना म्हणाली, "आता मला फोन करणार नाही ना?"

अगाफियाबाईंना अक्रोड आणि मध पाठवला. आठवीच्या मुलांनी पत्र लिहिलं. पाकिटावर जिल्हा मोठ्या अक्षरांत, दोनदा.

२३ ऑक्टोबर, सोमवार

शेवटचा तास. वर्गात पाऊल टाकलं तर फळ्यावर आधीच लिहिलेलं: "ओलिम्पियाबाई. विषय: माध्यम-शिक्षण. सहामाही मूल्यमापन." सगळे अकराच्या अकरा हाताची घडी घालून, मान ताठ. माझी खुर्ची त्यांनी पहिल्या बाकाशेजारी ठेवली होती. बसले.

इलिंकाने वहीतून वाचलं. 

"चूक गंभीर. मूळ कागद न वाचणे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर समजणे. दुसऱ्यावर संशय घेणे, त्यातही दाढ दुखणाऱ्या माणसावर. कबुली उशिरा, पण पूर्ण. काही कापलेले नाही." मग तिने वही मिटली. "दहापैकी सात."

"मी सहा म्हणत होतो," रारेश म्हणाला. "मतदानात हरलो."

एकतीस वर्षांत मी किती मुलांना सात दिला असेल. त्यांचे पडलेले चेहरे मला आठवतात. मी मनात म्हणायचे, सात काय वाईट आहे?

काहीच वाईट नाही. मी गुणपत्रिकेवर सही केली. रुमाल सापडेना, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने तिचा दिला.